मदत हवी आहे: स्पीकरचा आवाज फारच बारीक येतोय, साउंड कार्ड टाकावं का?

नमस्कार मंडळी,

घरी (सिडको, नाशिक) डेस्कटॉपला २.१ स्पीकर आहेत. वूफर, त्याला जोडलेले दोन छोटे डबे, वूफरची दोन पिनांची वायर भिंतीतल्या प्लगला. गेल्या पावसाळ्यापर्यंत हॉल भरून आवाज यायचा. आता विंडोजमध्ये व्हॉल्यूम १००, वूफरचं बटण शेवटपर्यंत, तरी स्वयंपाकघरात मिक्सर लागला की सगळं बंद पडल्यासारखं.

नुसतं गाणी ऐकायचं असतं तर हेडफोनवर भागवलं असतं. पण आईच्या भजनी मंडळाचा सराव आमच्याकडे होतो आणि तानपुरा कॉम्प्युटरवरच लावतात. टाळ सुरू झाले की तानपुरा संपला. "त्या डब्यापेक्षा माझी पेटी बरी," असं आईने सगळ्यांसमोर जाहीर केलंय.

एक विचित्र प्रकार म्हणजे तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही, पण सिनेमाची गाणी त्यामानाने बरी वाजतात. त्यातही व्हायोलिन वगैरे येतं आणि गाणारा मात्र शेजारच्या बिल्डिंगमधून गातोय असं वाटतं.

ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये सगळ्या पट्ट्या वर आहेत. पिन मागच्या हिरव्या सॉकेटमध्येच आहे. एम. जी. रोडला एका दुकानात विचारलं तर न बघताच "ऑनबोर्ड साउंड गेलाय, कार्ड टाका" असं उत्तर मिळालं. मदरबोर्डवर जागा रिकामी आहे, खर्चालाही ना नाही. पण कार्डाने आवाज खरंच वाढतो का?

प्रतिसाद: नाशिकरोडकर

कंट्रोल पॅनल, साउंड, शेवटचा टॅब 'कम्युनिकेशन्स'. तिथे कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. एखादं मीटिंगचं सॉफ्टवेअर मागे चालू राहिलं तर बाकी सगळं दबतं. 'काहीच करू नका' वर ठेवा.

प्रतिसाद: सोल्डरवाला

वरची सेटिंग बघाच, पण मला वेगळाच संशय आहे. गाणारा लांब आणि वाद्यं जवळ, हे वाचल्यावर कार्ड, ड्रायव्हर वगैरे माझ्या डोक्यातून गेलं.

स्टिरिओ पिनेला तीन भाग असतात: टोकाला डावा, मधे उजवा आणि बुडाशी ग्राउंड. ग्राउंडची तार पिनेच्या आत तुटली किंवा गंजली तर सिग्नलला परतीची वाट उरत नाही. मग अ‍ॅम्प्लिफायरला मिळतो तो डाव्या-उजव्यातला फरक. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असतो, त्यामुळे तो कटतो. वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली असतात, ती उरतात. तुमच्या तानपुऱ्याची फाइल बहुधा मोनो आहे, म्हणजे दोन्हीकडे अगदी तेच, म्हणून तो जवळजवळ पूर्णच जातो.

हेच लक्षण सॉफ्टवेअरमुळेही दिसू शकतं. काही ऑडिओ ड्रायव्हरमध्ये कराओकेसाठी गायकाचा आवाज काढून टाकायची सोय असते. स्पीकरच्या 'एन्हान्समेंट्स' टॅबमध्ये जे काही टिक केलेलं असेल ते काढा.

मग दोन गोष्टी करा. हिरव्या सॉकेटला हेडफोन लावून तानपुरा ऐका. आणि तीच स्पीकरची वायर मोबाइलला लावा. हेडफोनवर ठणठणीत आणि मोबाइलवरही स्पीकर मुका, तर कॉम्प्युटर सुटला. दोष वायरीत किंवा वूफरमध्ये.

प्रतिसाद: गंगापूररोड

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल: हिरव्या सॉकेटमधून साधारण एक व्होल्टचा सिग्नल येतो. त्यावर स्पीकर चालत नाही, फक्त वूफरमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला काय वाजवायचं ते कळतं. ताकद लावतो तो अ‍ॅम्प्लिफायर, भिंतीतल्या विजेवर. त्यामुळे सॉकेट धड असेल तर नव्या कार्डाने खरखर कमी होईल, आवाज थोडा स्वच्छ वाटेल, पण हॉल भरणार नाही.

नवे स्पीकरच घ्यायची वेळ आली तर खोक्यावरचा पीएमपीओ आकडा (क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद) वाचूच नका, आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) विचारा. वॅट दुप्पट झाले तरी वाढ ३ डेसिबलचीच असते, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकी. आणि नुसत्या यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर भजनाला नकोत. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. टाळांपुढे अडीच वॅट!

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कम्युनिकेशन्सची सेटिंग बदलली, फरक नाही. एन्हान्समेंट्स सगळी बंदच होती. हेडफोनवर तानपुरा खणखणीत. मोबाइलला स्पीकर लावले तर तीच रड. मग पिनेजवळ वायर जरा वाकवून धरली आणि एकदम एवढा मोठा आवाज आला की आई आतून धावत आली. सोडली की पुन्हा गायब.

वायर सुटी निघते (एका टोकाला ३.५ मिमीची पिन, दुसरीकडे लाल-पांढऱ्या). जुनीच दुरुस्त करू की नवी आणू? आणि एक उपप्रश्न: आईची भजनं नीट रेकॉर्ड करायची आहेत, त्यासाठी तरी कार्ड घ्यावं का?

प्रतिसाद: सोल्डरवाला

नवीच आणा, जाड बघून. साच्यातली पिन कापून दुसरी बसवता येते, पण त्या वेळात नवी वायर येते. सॉकेटमध्ये पावसाळ्याची ओल धरली असेल तर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कॉम्प्युटर आणि वूफर दोन्ही बंद करून.

रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी. मदरबोर्डच्या गुलाबी सॉकेटला माइक लावला की मागे सूं-सूं आवाज येत राहतो, तिथे बाहेरचं यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक जोडायचा, यूएसबीला लावायचा छोटा डबा) कामाला येतं. कंडेन्सर माइक घेणार असाल तर त्या इंटरफेसवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला त्याच्याच वायरीतून मिळणारी वीज) आहे ना, ते आधी बघा. आतलं कार्ड घेऊ नका. पंखे आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसून तेही कुरकुर उचलतं, आणि उद्या सराव दुसऱ्या कुणाच्या घरी असला तर लॅपटॉपला लावता येत नाही.