दीड लाखाची जुनी गाडी आणि "आजारी बैल" म्हणणाऱ्यांना उत्तर

एरंडोलकर
काल एका पोराने इथे साधा प्रश्न विचारला होता. रोज जाऊन-येऊन 60 किलोमीटर, घरात म्हातारे आईवडील, हातात रोख दीड लाख, तर कोणती जुनी गाडी बघू? त्याला एका भाऊंनी उत्तर दिलं, "दीड लाखाची जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला आजारी बैल. काम करणार नाही आणि वैरण मात्र खाणार. हिंमत असेल तर नवी घे आणि हप्ता भर." हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, प्रश्न हिमतीचा नाही, पगाराचा आहे. मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. सहा वर्षं एरंडोलहून दुचाकीवर अपडाऊन केलं. मे महिन्यात दुपारच्या पाळीला निघालो की पाळधी येईपर्यंत डोळे भाजून निघायचे. महामार्ग चौपदरी होत होता तेव्हाची धूळ तर किती वर्षं खाल्ली त्याचा हिशोब नाही. शेवटी वडिलांना डायलिसिस सुरू झालं आणि गाडी घ्यावीच लागली.

आता नवीचा हिशोब करा. पाच लाख कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के. हप्ता येतो 8,172. सात वर्षांत बँकेला जातात 6 लाख 86 हजार. म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर नुसतं व्याज. त्या व्याजातच माझी अख्खी गाडी आली! 2012 ची वॅगनआर, पेट्रोल, आमच्याच गल्लीतल्या निवृत्त माणसाची, 1 लाख 65 हजारांना. साडेतीन वर्षं झाली. चार टायर, बॅटरी, क्लचप्लेट, रेडिएटर, वर्षाची सर्व्हिसिंग सगळं धरून साठ हजारांच्या आसपास गेले. तेवढे तर नव्याचे आठ हप्तेसुद्धा होत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. गाडी अशी घ्या की जिचा क्लच तुमच्या फाट्यावरचा मिस्त्री सकाळी खोलेल आणि संध्याकाळी गाडी हातात देईल. अल्टो, वॅगनआर, जुनी सँट्रो, आय-टेन. दीड लाखात मोठी सेडानही मिळते आणि त्याच मोहात माणूस बुडतो. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

धुळेकर डिझेल
हिशोब केलाच आहे तर पुरता करा ना. रोज 60, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,560 किलोमीटर. तुमची पेट्रोल गाडी 16 चं ॲव्हरेज देत असेल तर 97-98 लिटर लागतं. डिझेलला 20 धरा, 78 लिटरात भागतं, आणि लिटरमागे भाव कमी तो वेगळाच. महिन्याला तीन हजारांचा फरक आहे. साडेतीन वर्षांत सव्वा लाख. हे का नाही लिहिलं?

माझी 2013 ची स्विफ्ट डिझेल आहे, 2 लाख 40 हजार किलोमीटर झाले. 1.3 लिटरचं तेच फियाटचं इंजिन, जे स्विफ्टमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, व्हिस्टातही होतं. खानदेशातला कोणताही डिझेल मिस्त्री ते डोळे मिटून ओळखतो. लग्नसराईत सुरतला महिन्यातून दोनदा जाणं होतं. पेट्रोलवर हे परवडलं असतं का?

एरंडोलकर
तुमचं महिन्याला तीन हजारांचं गणित बरोबर आहे, मान्य. पण तुम्ही गाडी नवी असल्यापासून सांभाळलीये. दीड लाखात बाजारात जी डिझेल मिळते ती कोणीतरी पिळून काढलेली असते. माझ्या मेव्हण्याने अशीच घेतली. पाचव्या महिन्यात इंजेक्टर गेले, आठव्यात टर्बो. 70 हजार. दोन वर्षांचं वाचवलेलं डिझेल एका बिलात गेलं.

आणि दिल्लीच्या गाड्यांचं काय? तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली, म्हणून स्वस्तात इकडे येतात. आपल्याकडे तसा नियम नाही, हे खरं. पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणा, इथला रोड टॅक्स भरा, नंबर बदला. स्वस्त पडली म्हणणारा हे सगळं झाल्यावर गप्प बसतो.

जुना फिटर
पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो. पेट्रोल की डिझेल यावर तुम्ही भांडत बसा. मी सांगतो गाड्या मरतात कशाने. पाण्याने.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. कूलंट टाकायचे पैसे वाचवायला लोक रेडिएटरमध्ये नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओततात. आत क्षार बसतो, चहाच्या जुन्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर. हिवाळ्यात कळत नाही. मग मे उजाडतो, भुसावळ-जळगावला पारा 45 वर जातो, एसी चालू, गाडीत पाच माणसं, घाट लागला की तापमानाचा काटा वर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, उडते. बिचारा मालक म्हणतो कंपनीची गाडीच खराब.

गाडी बघायला सकाळी लवकर जा. आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा मालकाने आधीच चालू करून ठेवली होती, आणि का ठेवली ते विचारा. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. आत हिरवं-गुलाबी कूलंट असेल तर ठीक. गंजाचं तांबडं पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर किल्ली परत द्या. ऑइल टाकायच्या झाकणाखाली ताकावरच्या फेसासारखं पांढरं असेल तरी तेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत सुकलेला गाळ सापडला तर गाडी पुरातली आहे. 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर अशा गाड्या धुऊनपुसून कुठे कुठे गेल्या. टायरवर चार आकडे असतात, 2318 असेल तर 2018 चा तेविसावा आठवडा. मीटरवर 40 हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, असं असेल तर पेडलवर विश्वास ठेवा.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना लोक आधी दात बघतात, रंग नंतर. गाडीच्या बाबतीत सगळे आधी रंग बघतात.

नवीच घ्या
आजारी बैल मीच लिहिलं होतं. शब्द कडू होता, पण माघार घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ रात्री धुळ्याहून परत येत होता. पारोळ्याच्या पुढे कापसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. वेग साठ-पासष्टच होता. जुनी गाडी, बेस मॉडेल, एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. ब्रेक दाबला तर चाकं जाम झाली आणि गाडी तशीच सरकत गेली. त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली. तो आज नाही. त्याच्या मुलीला दहावीला 91 टक्के पडले, आणि पेढे द्यायला बाप नव्हता.

एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं 2019 मध्ये. पुढच्या दोन एअरबॅग त्यानंतर. तुमच्या 2012 च्या गाडीत यातलं काय आहे? आठ हजारांच्या हप्त्यात मला हे विकत मिळतं. तुम्ही व्याज मोजता, मी हे मोजतो.

एरंडोलकर
तुमच्या भावाचं वाचून हात थांबला. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत, हे खरं आहे. पण दादा, माझ्यासमोर नवी गाडी हा पर्याय नव्हताच. पर्याय होता दुचाकी, ज्यावर मागे वडील बसायचे. दुचाकीला कुठली एअरबॅग? एवढं मानतो की कोणाकडे थोडे जास्त पैसे असतील तर त्याने एबीएस-एअरबॅगवालं वरचं मॉडेलच शोधावं, एखादं वर्ष जुनं मिळालं तरी चालेल. हे आधी लिहायला हवं होतं.

बोदवडची ताई
इंजिन, टायर, एअरबॅग सगळं बोललात. नाव ट्रान्सफरवर कोणी एक शब्द बोललं नाही. मी बोलते, कारण आमचं घर त्याने पोळलंय.

आमच्या आप्पांनी 2016 ला एजंटमार्फत जुनी मारुती 800 विकली. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, नाव ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, तारीख कोरी. घेणारा ओळखीचा होता. त्याने सहा महिन्यांत पुढे विकली, त्याने आणखी पुढे. 2019 ला घरी कोर्टाचं समन्स. बऱ्हाणपूर रस्त्यावर कोणाला तरी धडक बसली होती, गाडीचा विमा संपलेला, आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव आप्पांचं. ज्या गाडीला तीन वर्षं हात लावला नाही तिच्या भरपाईसाठी 68 वर्षांचा माणूस तारखांना जातो. त्या दिवसांत आप्पा रात्री उठून कपाटातला स्टॅम्पपेपर काढायचे, वाचायचे आणि परत ठेवायचे. वकील म्हणाले, याला किंमत नाही. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक आणि जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

गाडीबाजारवाला
ताई, वाईट झालं. पण सगळा दोष एजंटवर घालू नका. गिऱ्हाईकच म्हणतं, "नाव नको करू, वर्षभरात विकायचीच आहे, कशाला खर्च." तारीख कोरी ठेवून सह्या घेणं बाजारात सर्रास चालतं. आम्ही नाही म्हटलं तर तो शेजारच्याकडे जातो.

बोदवडची ताई
सर्रास चालतं म्हणूनच माणसं मरतात. तुम्ही एक दिवस कोर्टाच्या बाकावर बसा, मग बोला.

धुळेकर डिझेल
गाडीबाजारवाले, हे बरोबर नाही. तुमची दलाली तुम्ही दोन्हीकडून घेता आणि आरटीओत पाय ठेवायला गिऱ्हाईक? माझ्या मित्राला तुमच्याच धंद्यातल्या एकाने बँकेचा बोजा असलेली गाडी दिली. बोजा उतरवायचा फॉर्म 35 नाही, बँकेचं पत्र नाही. सहा महिन्यांनी वसुलीवाले दारातून उचलून घेऊन गेले. पैसेही गेले, गाडीही गेली.

गाडीबाजारवाला
एकाने केलं म्हणून सगळ्यांना चोर म्हणता? वीस वर्षं धंदा केला, एकाही गिऱ्हाइकाने पोलिसात नाव घेतलं नाही. आणि विकणाऱ्याचं काहीच काम नाही का? गाडी विकल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं हे कायद्यातच आहे. आप्पांनी कळवलं असतं तर त्यांच्याकडे पोच असती.

बोदवडची ताई
आप्पा सातवी शिकलेले. गाडी कोणी विकून दिली? एजंटने. सांगायचं कोणी?

जुना फिटर
भो, पुरे करा दोघं. ताईंचं दुःख खरं आहे. आणि गाडीबाजारवाले, तुमचा 14 दिवसांचा नियम बरोबर आहे, तर तो कागद छापून दुकानात लावा. विकणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला एक. माझं गॅरेज होतं तेव्हा मी लावला होता.

अहिराणी मानूस
मनी गाडी मना नाववरच शे, पन ऱ्हायनं. पेट्रोलमधल्या इथेनॉलवर कोन बोलत नही. 20 टक्के मिसळतस आते. मनी गाडी 2009 नी शे, पहिले 17 देत होती, आते 15 वर उनी. पंपवर विचारं तं पोऱ्या म्हने, माले माहीत नही. ऊस पिकवनारानं भलं होवो, पन जुनी गाडीवालानं कोन पाही?

जुना फिटर
तुमचं ॲव्हरेज थोडं उतरणार, ते खरं आहे. पण 17 चं 15 होण्यात फिल्टर आणि प्लगचाही वाटा असतो, ते आधी बदला. 2009 च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप मात्र एकदा तपासा. तडे दिसले तर लगेच बदला, आगीचा प्रश्न आहे. फार पैसे लागत नाहीत.

गाडीबाजारवाला
ताई, रात्रभर विचार केला. इथून पुढे नाव ट्रान्सफरची पावती हातात आल्याशिवाय घेणाऱ्याकडून शेवटचे दहा हजार घेणार नाही. तोवर दलालीही नाही. धंद्याला तोटा झाला तर झाला.

बोदवडची ताई
करा आणि मग सांगा. आत्ता आभार मानणार नाही.

प्रश्न विचारणारा
मीच विचारलं होतं. सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. डिझेल नको ठरलं, कारण एका बिलात 70 हजार माझ्याकडे नाहीत. चोपड्याला एक 2014 ची आय-टेन आहे, 1 लाख 80 सांगतात, पेट्रोल, पहिला मालक. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, बोजा नाही, विमा मार्चपर्यंत आहे. पंधरा वर्षं व्हायला अजून वेळ आहे, तेव्हा पुनर्नोंदणीचे पाच हजार बाजूला ठेवीन. एअरबॅग नाहीत, ते मनाला लागलंय. फिटरकाका, रविवारी याल का बघायला?

जुना फिटर
येतो. सातच्या आत पोचू. मालकाला आज फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि आरसीची झेरॉक्स नको म्हणावं, मूळ काढून ठेवा. एसी दुपारी दोनला लावून बघायचाय, तेव्हा जेवण तिकडेच.