मदत हवी आहे: लेकीला डेंटल स्कूलला जायचंय, कॉलेजकडून मार्गदर्शन नाही

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट बीडीएस. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं डेंटल. त्यामुळे माझा अनुभव तिच्या काही कामाचा नाही.

तिच्या कॉलेजात प्री-हेल्थ सल्लागार (मेडिकल-डेंटलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा) एकच, आणि सगळा भर मेडिकलवाल्यांवर. दोनदा भेटून आली, दोन्ही वेळा "मेडिकलचा विचार का करत नाहीस?" एवढंच ऐकून परतली. पोरगी हिरमुसली आहे हो. हातात मात्र कला आहे: साबणाच्या वडीतून दाढ कोरते, वरच्या खाचांसकट.

डॅटचा, म्हणजे डेंटलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास चालू आहे. त्यातल्या आकृत्यांच्या भागात ६० मिनिटांत ९० प्रश्न असतात, आणि कोनांची तुलना करताना ती हमखास अडते. याचा सराव तुमच्या मुलांनी कसा केला?

अर्ज मे महिन्यात उघडतात. कॉलेज कमिटीचं पत्र (कॉलेजतर्फे दिलं जाणारं एकत्रित शिफारसपत्र) देत नाही, मग शिफारसपत्रं कोणत्या प्राध्यापकांकडून घ्यावीत? आणि एडिसनच्या आसपास कुणी डेंटिस्ट तिला शॅडोइंगला, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघायला, येऊ देतील का? शनिवारीसुद्धा येईल ती.