परळ, शिरवळ की परभणी? पशुवैद्यकीय प्रवेशासाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (एक पालक, निफाड)

माझ्या मुलीने यंदा नीट ही प्रवेश परीक्षा दिली असून तिला पशुवैद्यकच व्हायचे आहे. घरी चार संकरित गायी आहेत आणि तिचे आजोळ घोटीकडे असल्यामुळे मुसळधार पावसातही तग धरणाऱ्या डांगी जनावरांची ओढ तिला लहानपणापासून आहे. शिकून तिला याच भागात काम करायचे आहे. पसंतीक्रमात परळ, शिरवळ आणि परभणी यांपैकी कोणते महाविद्यालय वर ठेवावे? की अखिल भारतीय कोट्यातून परराज्यातील नामांकित विद्यापीठाचा विचार करावा?

उत्तर 1 (पशुवैद्यक, सिन्नर)

ही तिन्ही महाविद्यालये नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीच आहेत. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता ही रचना सगळीकडे सारखी असल्याने पदवीच्या कागदावर काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो विद्यार्थ्याच्या हाताखालून कोणती जनावरे जातात यात. परळचे महाविद्यालय 1886 सालचे असून तेथील पेटिट रुग्णालयामुळे श्वान आणि मांजरांच्या उपचारांचा अनुभव भरपूर मिळतो. गोठ्यावर काम करायचे असेल, तर मात्र मी शिरवळ किंवा परभणी वर ठेवीन.

हे स्वानुभवातून सांगतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात रात्री दोन वाजता एका वस्तीवर अडलेली गाय पाहायला गेलो. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, पण मान मागे वळलेली होती. ती सरळ करायला मला पाऊण तास लागला, कारण शिकताना अशी गाय मी दोनदाच आणि तीही इतरांच्या खांद्यावरून पाहिली होती. वासरू वाचले नाही.

उत्तर 2 (माजी विद्यार्थिनी, नाशिक रोड)

काका, मी परभणीला शिकले. तपोवन एक्सप्रेस नाशिक रोडहून थेट जाते, त्यामुळे घरी येणे-जाणे जड गेले नाही. पसंतीक्रम भरण्यापूर्वी मुलीला घेऊन कामकाजाच्या दिवशी सकाळी शिरवळ आणि परभणी या दोन्ही ठिकाणी जा आणि बाह्यरुग्ण विभागात किती गायी-म्हशी येतात ते तासभर पाहा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गर्भतपासणी आणि कृत्रिम रेतन स्वतःच्या हाताने किती वेळा करायला मिळाले, हे अवश्य विचारा. वसतिगृहाचीही खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळेल.

परराज्याबद्दल म्हणाल, तर भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 15 टक्के कोट्यातून चेन्नई, लुधियाना, आणंद अशा उत्तम ठिकाणी जाता येते. मात्र जनावर बोलत नाही; रवंथ कधी थांबला, विल्यानंतर जार (वार) पडला का, कालपासून दूध किती आटले, हे सगळे मालकाकडून काढून घ्यावे लागते आणि ती विचारपूस शिकण्याच्या वर्षांत आपल्याच भाषेत झालेली बरी, असे मला मनापासून वाटते. खाजगी महाविद्यालयाचा विचार आलाच, तर तेथील पदवीला परिषदेची मान्यता आहे याची खात्री करूनच शुल्क भरा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वासराचा प्रसंग मुलीने दोनदा वाचला. येत्या सोमवारी आम्ही शिरवळला आणि गुरुवारी परभणीला जाणार आहोत. विचारायचे प्रश्न तिने वहीत लिहून घेतले आहेत.