६६अ गेलं, ६९अ राहिलं
भारतातल्या सेन्सॉरशिपवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिलेला एक सल्ला वाचला: सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने इंटरनेटवरचं सरकारी नियंत्रण संपलं, तेव्हा प्रकल्प तिथेच संपवा. मला तो अर्धाच पटला. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर हा लढा उभा राहिला आणि २०१५ साली या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं. फार मोठं काम झालं ते. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातलं, सरकारला ऑनलाइन मजकूर बंद करायचा अधिकार देणारं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे ब्लॉकिंगचे नियम वैध ठरवले. विद्यार्थ्यांच्या लिखाणात हा भाग बहुतेक वेळा येतच नाही.

पत्रकारितेच्या मुलांना मी आधी या ब्लॉकिंगच्या नियमांतला १६ वा नियम वाचायला लावते. मजकूर बंद करण्याच्या मागण्या, तक्रारी आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची, असं तो सांगतो. आदेशच हाती नसेल तर आव्हान द्यायचं तरी कोणत्या गोष्टीला? उलट काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीविरुद्धच्या, २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणात त्याच न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करायलाच हवेत असं सांगितलं. प्रकल्पात या दोन निकालांची तुलना करा. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपला एक परिच्छेद पुरे.