कटकट आहे, पण हातात पैसा खेळतो

दादा, तुम्ही म्हणता भाजीपाला म्हणजे बारमाही कटकट, त्यापेक्षा कपाशी लावून मोकळं व्हावं. कटकट आहेच, नाही कोण म्हणतो? पण कपाशीचा पैसा दिवाळीच्या आगेमागे दिसतो. आमच्याकडे दर आठवडी बाजाराला थोडाफार हातात पडतो, किराण्याची उधारी राहत नाही. मला तर हेच सगळ्यात मोठं सुख वाटतं.

बाकी गमती वेगळ्याच. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, दोडक्याचं मात्र संध्याकाळी उमलतं. कोहळ्याला नर फुलं आधी येतात, म्हणून आई दरवर्षी विचारते, "फुलं एवढी, मग फळ काहून नाही?" मग एका सकाळी फुलाच्या बुडाशी बोराएवढं लवदार कोहळं दिसतं आणि ती घरच्या सगळ्यांना बोलावून दाखवते. बोटानं नाही हं, नजरेनं! बोट दाखवलं की सडतं म्हणे. खरं तर परागीभवन झालं नाही की फळ पिवळं पडून गळतं, पण आईपुढे हे कोण बोलणार?

हिवाळ्यात तर धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, तुराट्या पेटवायच्या, ताजी वांगी भाजायची, वरून कांद्याची पात, सांबार (म्हणजे कोथिंबीर), हिरवी मिरची आणि कच्चं तेल. असं भरीत हॉटेलात मिळत नाही.

रात्री वीज येईल तेव्हा उठून ओलित करणं आणि रानडुकरं हाकलणं, ही मात्र तुम्ही म्हणता तशी कटकटच. त्यात काही मजा नाही.