खर्च लिहिणं बरोबर, पण फ्रिजचं दारही बघा

घरखर्च आटोक्यात ठेवायला रोजचा खर्च लिहून ठेवा, असं सांगतात, ते अगदी पटतं. पण वहीत न दिसणारी गळतीही असते. आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल होऊन वीज वाया जात होती, कित्येक महिने लक्षातच आलं नाही. दारात कागद अडकवून ओढून बघा. सहज निसटला तर रबर बदलायला झालंय. गीझरचंही तेच. २००० वॅटचा गीझर सलग अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त चालतो. तेव्हा दिव्यांवरून मुलांना ओरडण्याआधी गीझरचं बटण बघा, कळकळीने सांगते. आणि हो, किराण्याची यादी भरल्या पोटी करा, खरंच फरक पडतो.