मदत हवी आहे: दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, डोकं मात्र ठीक असतं

उंबरठा

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहितो.

वय ४६, पुरुष, नाशिक, बैठी नोकरी. महिन्यातून दोन-तीन शनिवार मित्रांबरोबर बसणं होतं. व्हिस्की, साध्या पाण्यातून. तीन पेग, क्वचित चौथा. रोजची सवय नाही, एकट्याने कधी घेत नाही. कॉलेज संपल्यापासून असंच चालू आहे आणि आजवर त्रास म्हणजे दुसऱ्या दिवशी जरा डोकं जड, लिंबूपाणी घेतलं की दुपारपर्यंत विषय संपला.

गेल्या दिवाळीपासून प्रकारच बदलला. रविवारी उठतो तेव्हा डोकं स्वच्छ, मळमळ नाही, पण अंग असं मोडून आलेलं असतं की कूस बदलावीशी वाटत नाही. ताप आहे का म्हणून थर्मामीटर लावून पाहिला, नसतो. दुखतात त्या मांड्या, पोटऱ्या आणि दोन्ही खांदे. सांधे नाही, मांस दुखतं, दाबलं की जास्त. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. जिना चढताना मांड्या भरून येतात आणि खाली मांडी घालून जेवायला बसलो तर उठताना हात टेकावा लागतो. हे सगळं मंगळवार-बुधवारपर्यंत चालतं. परवा गटारीला बसलो होतो, आज तिसरा दिवस, अजून ठणका आहे.

करून पाहिलेले उपाय: ब्रँड बदलला, व्हिस्कीऐवजी रम घेतली, नुसती बिअर घेतली, प्रत्येक पेगमागे ग्लासभर पाणी प्यायलो, झोपताना ओआरएस घेतलं. गोळे थोडे कमी झाले, दुखणं तसंच. भेसळीची शंका काढू नका. बाटली परवान्याच्या दुकानातली, सीलबंद, आणि त्याच बाटलीतून पिणारे बाकीचे तिघे रविवारी सकाळी क्रिकेट खेळतात.

तपासण्या: साखर नॉर्मल, युरिक अ‍ॅसिड ६.१, क्रिएटिनिन ठीक, लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी ३६, एसजीओटी ५८. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून "लिव्हरला सूज आहे, दारू कमी करा" म्हणून सांगितलं. ते मान्य. पण सूज लिव्हरला असेल तर ठणका मांडीत का? हे विचारल्यावर त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

कुणाला असा अनुभव आहे का? आणि नक्की कोणाला दाखवायचं: हाडाचा, पोटाचा की मेंदूचा डॉक्टर?

रिकामाखिसा

तीन पेगला थांबता म्हणून दुखतं हो. पाच घ्या, काहीच कळणार नाही. ;)

गोंयचो पाव

आमच्याकडे अंग दुखलं की फेणी बाहेरून चोळतात. तुमची केस उलटीच दिसते.

मस्करी सोडा. मला असं व्हायचं ते झोपेमुळे. दारू पिऊन पडलो की लगेच डोळा लागतो, पण पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग नुसता लोळतो. अशा झोपेनंतर सगळ्यांचंच अंग दुखतं. लवकर बसा, लवकर उठा, पोट भरून जेवा.

जिरेमोहरी

युरिक अ‍ॅसिड परत करून घ्या. आमच्या ह्यांना बिअरनंतर असंच व्हायचं, शेवटी गाऊट (युरिक अ‍ॅसिड सांध्यांत साचून होणारा आजार) निघाला. पायाचा अंगठा लालभडक होऊन सुजला होता, चादरीचा स्पर्शही सहन होत नव्हता.

उंबरठा

@जिरेमोहरी, ताई, सूज किंवा लाली कुठेच नाही. दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं.

@गोंयचो पाव, झोप हल्ली उलट जास्तच येते. दुपारी ऑफिसात डुलकी लागते, जेवणानंतर तर विचारूच नका. दारू न घेतलेल्या दिवशीही.

पिंपळपान

घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण दारू प्यायल्यावर दुखणं हे एका कॅन्सरचं लक्षण आहे असं वाचलं होतं. हॉजकिन लिम्फोमा. एकदा दाखवून घ्या.

सुईदोरा

मी फिजिशियन आहे, सांगलीत प्रॅक्टिस. इथे बसून निदान करता येत नाही, पण उंबरठा यांनी इतकं नीट लिहिलंय की काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आधी पिंपळपान यांचा मुद्दा, कारण तो वाचून आज रात्री कुणाची तरी झोप उडेल. हॉजकिन लिम्फोमात दारूने दुखतं हे खरं आहे, १९५० पासून वैद्यकीय साहित्यात नोंद आहे. पण ते मोजक्याच रुग्णांत दिसतं आणि त्याची चाल वेगळी असते. दोन-चार घोट घेतल्यावर काही मिनिटांतच, जिथे गाठ किंवा हाड बाधित आहे नेमकं तिथे दुखतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मांड्या आणि दोन्ही खांदे सारखे दुखणं हे ते चित्र नाही. मानेत, काखेत, जांघेत गाठ लागत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, वजन आपोआप उतरत असेल तर मात्र वाट पाहू नका.

नेहमीचा हँगओव्हर म्हणाल तर अल्कोहोलमुळे लघवी रोखणारं हार्मोन दबतं, शरीरातलं पाणी आणि मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, झोप तुटते आणि शरीरात फ्लूच्या वेळी वाढतात तसली दाहकारक रसायनं वाढतात. म्हणून ताप नसताना कणकण वाटते. पण हे दिवसभरात ओसरायला हवं. तुमचं चार दिवस चालतं.

अल्कोहोल थेट स्नायूंवरही परिणाम करतं, आणि त्याचा पहिला मार मांड्या-खांद्यांवर पडतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांत हे सर्रास दिसतं. तुमचं प्रमाण तेवढं नाही, तरी हिशोब करून ठेवा: आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तीन लार्ज म्हणजे एक पूर्ण क्वार्टर, ६० ग्रॅम. आणि "नुसती बिअर" ही स्ट्राँग असेल तर ६५० मिलीच्या एका बाटलीत जवळपास ४० ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. ब्रँड बदलून फरक पडला नाही तो याचसाठी.

मला खटकतं ते एसजीओटी. हे एन्झाइम फक्त लिव्हरचं नाही, स्नायूंतही भरपूर असतं. दारूच्या लिव्हरमध्येही एसजीओटी एसजीपीटीपेक्षा चढं असू शकतं, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा अंदाज अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण मांड्या दुखणाऱ्या माणसाचं एसजीओटी वाढलेलं असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) केल्याशिवाय लिव्हरवर खापर फोडू नये.

आता प्रश्न. रोजची औषधं कोणती घेता? दिवाळीच्या आसपास नवीन काही सुरू झालं का? वजन वाढलंय का, थंडी जास्त वाजते का, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा? लघवी कधी चहाच्या रंगाची झाली का? आणि अंगदुखीसाठी काय घेता?

जिरेमोहरी

डॉक्टर, चहाच्या रंगाची म्हणजे?

सुईदोरा

कोऱ्या चहाची. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यातलं मायोग्लोबिन लघवीत उतरतं आणि किडनी बंद पडू शकते. पार्टीनंतर असह्य स्नायुदुखी, हातपाय लुळे वाटणं आणि अशी लघवी, यातलं काही दिसलं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, त्याच दिवशी. जास्त प्यायलेला माणूस एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहतो, त्या दाबानेही हे होतं.

उंबरठा

डॉक्टर, मनापासून आभार.

बीपीची गोळी चार वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२ आलं, तेव्हा ते कमी करायची स्टॅटिन गटातली गोळी, रोसुवास्टॅटिन २०, सुरू केली. दसऱ्याच्या आधी कधीतरी. वजन वर्षात सहा किलो वाढलं. थंडी वाजते, पण नाशिकची थंडी नाशिककराला वाजायचीच असं म्हणून सोडून दिलं होतं. बद्धकोष्ठ आहे. बायको म्हणते आवाज बसल्यासारखा वाटतो. लघवी नेहमीसारखी. दुखलं की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी आणतो, रविवारी दोन आणि सोमवारी एक.

सुईदोरा

ती गोळी आधी थांबवा. दारूच्या वर आयब्युप्रोफेन म्हणजे जठरात रक्तस्रावाचा धोका, त्यात तुम्ही बीपीचे रुग्ण, त्यामुळे किडनीचाही प्रश्न. पॅरासिटामॉलचा भार लिव्हरवर. मेडिकलवाला विचारत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

दसऱ्याला स्टॅटिन, दिवाळीपासून दुखणं. हा योगायोग असू शकतो, पण तो तपासल्याशिवाय मी तरी सोडणार नाही. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात आणि दारू त्यात भर घालते. तुम्ही सांगितलेली बाकीची लक्षणं, वजन, झोप, थंडी, बद्धकोष्ठ, आवाज, ही थायरॉइड कमी पडल्याची वाटतात. एलडीएल १७२ आल्यावर कुणी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की आकडा चढतो) केली होती का?

तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन सीपीके, टीएसएच, व्हिटॅमिन डी, बी१२, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम करून घ्यायचं का ते विचारा. हाडाचा, पोटाचा, मेंदूचा कुणी नको, एमडी मेडिसिन पुरे. सीपीकेच्या आधी तीन-चार दिवस जड व्यायाम नको, दंडात-कमरेत इंजेक्शन नको. आणि दारू बंद ठेवून दोन आठवड्यांनी रक्त दिलंत तर उत्तम. तरीही सीपीके चढं निघालं तर दोष एकट्या शनिवारचा नाही हे स्पष्ट होईल.

उंबरठा

दोन आठवडे म्हणजे काहीच नाही, श्रावण लागलाय. आमच्याकडे महिनाभर बाटली आणि मटण दोन्ही बंद.

सरळरेघ

महिनाभर बंद ठेवता येते तर कायमची का नाही? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. शरीर सांगतंय आणि तुम्ही ब्रँड बदलताय.

उंबरठा

@सरळरेघ, सोडायची की नाही हे ठरवीनच. पण कारण न कळता सोडली आणि दुखणं तसंच राहिलं तर काय करू? मला आधी कारण हवंय.

सुईदोरा

दोघांचंही बरोबर आहे. वाचणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: हे महिन्यातून दोन-तीनदा पितात, त्यामुळे एकदम बंद करायला हरकत नाही. रोज पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने अचानक तोडू नये. हात थरथरणं, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येणं, नंतर भ्रम होणं, जीवही जाऊ शकतो. ते औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. फोनवरून बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस १४४१६.

उंबरठा

अपडेट देतो. गटारीनंतर एक थेंब नाही. ठणका बराच कमी झाला, पण गेला नाही. जिन्यावर मांड्या अजून भरतात, म्हणजे शनिवारचा संबंध नसतानाही काहीतरी होतंच, फक्त ते मला रविवारीच जाणवत होतं.

रिपोर्ट: सीपीके ६१२ (लॅबची मर्यादा दोनशेच्या आसपास), टीएसएच २३, व्हिटॅमिन डी १३. मॅग्नेशियम, पोटॅशियम, बी१२ ठीक. एसजीओटी ५१.

इथे एका एमडींना दाखवलं. ते म्हणाले, थायरॉइड कमी पडलं की एलडीएल चढतं, स्नायू दुखतात आणि स्टॅटिनचा त्रास व्हायची शक्यताही वाढते. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलसाठी गोळी सुरू झाली ते थोडंफार थायरॉइडमुळेच वाढलेलं असू शकतं. थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन सुरू केली, स्टॅटिन सध्या थांबवली, डीची साप्ताहिक पावडर दिली. दारूबद्दल म्हणाले, सीपीके खाली येईपर्यंत नाव काढू नका.

रिकामाखिसा

आयला. मी पाच पेगचा सल्ला दिला होता. तो मागे घेतो.

सुईदोरा

छान काम केलंय त्यांनी. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर त्यात चार तासांचं अंतर. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी परत करतील. त्याच सुमारास सीपीके आणि लिपिड पाहून स्टॅटिन परत लागेल का, कोणती आणि किती हे ठरेल. लागलीच तर कमी डोसची किंवा दुसरी बऱ्याच जणांना चालते. स्नायू भरून यायला काही महिने लागतील, उद्यापासून जिममध्ये जाऊ नका. चाला.

जिरेमोहरी

डॉक्टर, एक विचारू का? माझ्या वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेही स्टॅटिन घेतात आणि पाय दुखतात म्हणतात. दारू नाही. बंद करून पाहू का आठवडाभर?

सुईदोरा

नाही. स्टेंट बसलेल्या माणसाची स्टॅटिन घरच्या घरी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. सीपीके आणि टीएसएच करून कार्डिऑलॉजिस्टला भेटा, बदलायची असेल तर ते बदलून देतील. पाय चालताना दुखतात आणि थांबलं की लगेच बरं वाटतं, असं होतं का हेही वडिलांना विचारा. तसं असेल तर ते स्नायूंचं नसून पायाच्या रक्तवाहिन्यांचं असू शकतं, आणि त्याची तपासणी वेगळी असते.